चिंचेच्या आम्लापासून मैल्याच्या गाळापर्यंत

१८७६ मध्ये केंब्रिजला शिकणाऱ्या हेन्री फेंटनने ‘केमिकल न्यूज’ला एक छोटं पत्र पाठवलं. चिंचेला आंबटपणा देणाऱ्या टार्टारिक आम्लात लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून वर अल्कली घातली की द्रावण गडद जांभळं होतं, एवढीच नोंद. १८९४ मध्ये त्याने सविस्तर निबंध लिहिला. इथे लोह अगदी थोडं पुरतं, हे त्याचं महत्त्वाचं निरीक्षण. असं का, याचं उत्तर हाबर आणि वाइस यांनी १९३४ मध्ये मांडलं: लोह पेरॉक्साइडला फोडतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतं. ते क्षणभरही टिकत नाही, पण समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतं. फेंटन १९२९ मध्येच गेला होता.

दुसरा धागा मँचेस्टरचा. १९१४ मध्ये तिथले संशोधक आर्डर्न आणि लॉकेट बाटल्यांतल्या सांडपाण्यात हवा सोडत, वरचं निवळलेलं पाणी ओतून टाकत आणि तळाचा गाळ मात्र राखून त्यावर नवं सांडपाणी भरत. आधी ज्या शुद्धीकरणाला आठवडे लागत, ते काही तासांवर आलं. त्यांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. पाणी स्वच्छ झालं, पण जिवाणूंचा गाळ वाढतच राहिला. माझ्या मते सांडपाणी प्रक्रियेतला खरा अवघड भाग इथून पुढे सुरू होतो.

कारण हा गाळ पाणी सोडत नाही. जिवाणू स्वतःभोवती प्रथिनं आणि शर्करांचा चिकट डिंक तयार करतात आणि पाणी त्यात अडकतं. शंभर किलो पातळ गाळात सुका ऐवज दोन किलो असेल, तर ओलावा ८० टक्क्यांवर आणल्यावर दहा किलो घट्ट गाळ (केक) उरतो, ७५ टक्क्यांवर आणल्यावर आठच किलो. म्हणजे गाळ वाहून नेणाऱ्या पाच ट्रकांपैकी एक कमी.

हा डिंक तोडायला विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी फेंटनची लोह-पेरॉक्साइडची जोडी गाळात आणली. आधी आम्ल घालून सामू तीनच्या आसपास आणायचा, मग फेरस क्षार, मग बेताबेताने पेरॉक्साइड. फेस चढतो, गाळ तापतो. डिंक तुटतो, पेशी फुटतात, आत कोंडलेलं पाणी सुटतं. उरलेलं लोह बारीक कणांना एकत्र आणतं. शेवटी चुना घालून आम्लता मारायची आणि गाळ दाबयंत्रात घालायचा.

ही रीत मला मोलाची वाटते, पण पेरॉक्साइड महाग आहे, आणि आम्ल व चुन्याचा खर्च वेगळाच. दुसरीकडे जपानमध्ये ओझोन वापरून गाळ मुळातच कमी करण्याचे प्रयोग झाले. इतरत्र लोहासोबत परसल्फेट वापरून आम्लाची गरज कमी करून पाहिली गेली. शिवाय सुटलेल्या पाण्यात अमोनिया, विरघळलेले सेंद्रिय पदार्थ, कधी जड धातूही येतात. ते पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या सुरुवातीच्या टाकीत परत जातं. त्याचा भार आराखड्यातच धरावा लागतो.