स्टिच अँड ग्लू

स्टिच अँड ग्लू ही सागरी प्लायवूडपासून लहान नौका बांधण्याची एक पद्धत आहे. हिच्यात प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचून त्यांचे सांधे रेझीन व काचतंतूच्या पट्टीने जोडतात. सांधा बळकट करणारा रेझीनचा थरच पाणीही अडवत असल्यामुळे मजबुतीकरण आणि जलरोधन ही कामे येथे परस्परांवर अवलंबून असतात.

इतिहास

१९६३ मध्ये लंडनच्या नौकाप्रदर्शनात मांडलेल्या ‘मिरर’ या शिडाच्या होडीमुळे ही पद्धत लोकप्रिय झाली. जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांनी रचना केलेल्या या होडीचा पुरस्कार ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने केला. सुमारे ३.३ मीटर लांबीची ही होडी घरी साध्या हत्यारांनी बांधता येत असे. प्रारंभी पॉलिएस्टर रेझीन वापरले जाई. पुढे लाकडाला अधिक घट्ट धरणारे इपॉक्सी रेझीन रूढ झाले.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून नौका बांधण्याची जुनी परंपरा आहे. तीत शिवण हाच कायमचा आधार असतो. स्टिच अँड ग्लू पद्धतीत मात्र तारेचे काम रेझीन घट्ट होईपर्यंतच असते.

सांध्यांचे मजबुतीकरण

तुकड्यांच्या कडांलगत छिद्रे पाडून ते तारेने जुळवतात. नंतर इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा मिसळून आतील कोपऱ्यात गोलाकार भराव देतात. काचतंतूची पट्टी काटकोनात नीट बसत नाही व तिच्याखाली पोकळी राहते. गोलाईमुळे ती सर्वत्र चिकटते आणि ताणही विभागला जातो. बाहेरील कडा घासून गोल केल्यावर तिच्यावरही पट्टी बसवतात.

जलरोधन

लाकडात पाणी मुख्यतः तंतूंच्या दिशेने शिरते. प्लायवूडच्या कापलेल्या कडांवर तंतूंची टोके उघडी असल्याने तेथे इपॉक्सीचे अधिक हात द्यावे लागतात. स्क्रूसाठी आधी मोठे छिद्र पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरतात व त्यातच लहान छिद्र पाडतात. त्यामुळे स्क्रूचा लाकडाशी थेट संबंध येत नाही. तापमान वाढत असताना लेप दिल्यास लाकडातील हवा प्रसरण पावून बुडबुडे येतात; म्हणून तापमान उतरत असताना, सावलीत लेप देणे इष्ट असते. अतिनील किरणांनी इपॉक्सी खराब होत असल्याने त्यावर रंग किंवा अतिनीलरोधक व्हार्निश आवश्यक असते.

मर्यादा

लाकडातील आर्द्रता सुमारे २० टक्क्यांहून कमी राहिल्यास कुजवणाऱ्या बुरशीची वाढ होत नाही. परंतु लेपाला तडा गेल्यास आत शिरलेले पाणी सहज सुकत नाही आणि वरून धड दिसणारे लाकूड आतून कुजू शकते. भारतात सागरी प्लायवूडसाठी ‘आयएस ७१०’ हे मानक आहे. मात्र अशा प्लायवूडच्या कडाही लेप देऊन बंद कराव्या लागतात. ओरखडा आढळल्यास लाकूड पूर्ण सुकवूनच त्यावर नवा लेप देतात. ओलसर लाकडावर दिलेला लेप ओलावा आतच कोंडतो.