पाठलागाची उलटी रीत

३ जून १९६५. केप केनेडीहून निघालेले 'जेमिनी ४' कक्षेत पोहोचले, तेव्हा त्याला वर आणणाऱ्या टायटन अग्निबाणाचा रिकामा दुसरा टप्पा काही अंतरावर लुकलुकत होता. त्यावर मुद्दाम दिवे बसवले होते. जेम्स मॅकडिव्हिट यांच्यावर सोपवलेले काम वरकरणी सोपे होते: त्या टप्प्याजवळ जाऊन त्याच्या सोबतीने उडत राहायचे. कोरियन युद्धात लढलेल्या या वैमानिकाने यानाचे नाक लक्ष्याकडे वळवले आणि थ्रस्टर चालवले. टप्पा दूर गेला. पुन्हा चालवले, तो आणखी दूर गेला. यानावर रडार नव्हते, आणि डोळ्यांनी घेतलेले अंतराचे अंदाज मॅकडिव्हिट व त्यांचे सहकारी एड व्हाइट यांचे एकमेकांशी जुळेनात. थ्रस्टरचे जवळजवळ निम्मे इंधन संपल्यावर प्रयत्न सोडून देण्यात आला. त्याच दिवशी व्हाइट यांनी अमेरिकेचा पहिला स्पेसवॉक केला. ते उड्डाण आज त्यासाठीच आठवले जाते.

वैमानिकाचे कौशल्य कमी पडले नव्हते. विमानाच्या सवयी कक्षेत लागू पडत नाहीत, एवढेच. सुमारे ४७५ किमी उंचीवरचे यान सेकंदाला साधारण ७.६ किमी वेगाने धावते आणि ९४ मिनिटांत एक फेरी पूर्ण करते. त्याचा वेग पुढच्या दिशेने सेकंदाला अवघा १ मीटर वाढवला, तर कक्षेची पलीकडची बाजू सुमारे ३.६ किमी उंचावते. कक्षा मोठी झाली की फेरीला वेळ जास्त लागतो, हा अकरावीच्या धड्यातला केप्लरचा तिसरा नियम. इथे तो वेळ जेमतेम दोन सेकंदांनी वाढतो. पण त्या वेगात दोन सेकंद म्हणजे जवळपास १७ किमीची पिछाडी. म्हणून पुढच्या यानाला गाठायचे तर आधी वेग घटवावा लागतो. यान खालच्या, लहान कक्षेत उतरते, तिथे फेरी लवकर पुरी करून पुढे सरकते आणि योग्य क्षणी पुन्हा वर येते. लक्ष्य काही मीटरवर आले, की मात्र नेहमीची सरळ रेषेतली समज मिनिटभर तरी चालून जाते.

हे गणित तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ साली एमआयटीत नेमक्या याच विषयावर प्रबंध लिहिला होता. परंतु कागदावरचे गणित वैमानिकाच्या हाताच्या सवयीत उतरायला वेळ लागला. १५ डिसेंबर १९६५ रोजी 'जेमिनी ६ए' हे 'जेमिनी ७'च्या जवळ हातभर अंतरावर येऊन थांबले. १६ मार्च १९६६ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी 'जेमिनी ८' अजीना यानाला जोडले. नोव्हेंबर १९६६ मध्ये 'जेमिनी १२'चे रडार बिघडले, तेव्हा खुद्द ऑल्ड्रिन यांनी सेक्स्टंट आणि तक्त्यांच्या आधारे मार्ग काढला.

मॅकडिव्हिट यांची ती चूक आज एखाद्या खोलीत, संगणकासमोर, रोज नव्याने घडते. मेक्सिकोत तयार झालेला 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा खेळ २०११ साली लोकांसमोर आला. त्यातला कर्बिन ग्रह अवघ्या ६०० किमी त्रिज्येचा असला, तरी कक्षेचे नियम खऱ्यासारखेच आहेत. नवशिक्याला दहा किलोमीटर पुढे लक्ष्य दिसते. तो नाक तिकडे वळवतो, इंजिन पेटवतो आणि थोड्या वेळाने ते लक्ष्य क्षितिजाआड गेलेले पाहतो. नकाशावर कक्षेची रेषा फुगलेली दिसली, की त्याला कोडे उलगडू लागते. फरक इतकाच की इंधन संपले तर त्याला खेळ मागे नेता येतो.

इस्रोला ती मुभा नव्हती. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० ने स्पेडेक्सचे प्रत्येकी सुमारे २२० किलो वजनाचे दोन उपग्रह कक्षेत सोडले. सोडतानाच त्यांच्या वेगांत किंचित फरक ठेवला होता, जेणेकरून दिवसभरात त्यांच्यात १० ते २० किमी अंतर पडावे. त्यानंतर ५ किमी, दीड किमी, ५०० मीटर, २२५ मीटर, १५ मीटर आणि ३ मीटर अशा मुक्कामांनी जवळ यायचे होते. ७ जानेवारीचे डॉकिंग ९ तारखेवर गेले. मग २२५ मीटरकडे सरकताना उपग्रह अपेक्षेपेक्षा अधिक वाहवत गेले आणि तेही पुढे ढकलावे लागले. १२ जानेवारीला ते ३ मीटरपर्यंत जवळ आणले गेले आणि तिथून पुन्हा मागे नेले गेले! दूरवरून पाहणाऱ्याला ही दिरंगाई वाटणे साहजिक होते. वास्तविक त्या महिन्यातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल तेच होते. १६ जानेवारी २०२५ रोजी दोन्ही उपग्रह जोडले गेले आणि रशिया, अमेरिका व चीननंतर भारत हे साधणारा चौथा देश ठरला. १३ मार्चला ते विलग झाले आणि २० एप्रिलला पुन्हा जोडले गेले.

चंद्राची माती आणू पाहणाऱ्या चांद्रयान-४ च्या आराखड्यात असेच डॉकिंग आहे. स्पेडेक्सच्या उपग्रहांना आपापल्या जागा ठरवताना दिशादर्शक उपग्रहांच्या संकेतांची मदत होती. चंद्राभोवती ती सोय इतकी सहज मिळणार नाही.