जुने डबे, राबते डबे

आगगाडीचा डबा म्हातारा झाला की त्याचं काय होतं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. गाडी आली, चढलो, उतरलो, संपलं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने मात्र या प्रश्नाची इतकी निरनिराळी उत्तरं दिली आहेत, की त्या उत्तरांतूनच त्या शहराचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचता येतो.

ही रेल्वे सुरू झाली २७ ऑक्टोबर १९०४ रोजी. सिटी हॉलपासून १४५व्या रस्त्यापर्यंतचा सुमारे नऊ मैलांचा मार्ग, २८ स्थानकं आणि भाडं ५ सेंट. हे भाडं १९४८ पर्यंत तेवढंच राहिलं! दोन महायुद्धं झाली, महामंदी येऊन गेली, पाव महागला, घरभाडी वाढली, पण पाच सेंटांचं नाणं काही हललं नाही. प्रवाशांना अर्थातच ते हवंहवंसं वाटे. पण रेल्वेच्या तिजोरीत नवे डबे घ्यायला पैसा उरेना. तिथले डबे पुढे दीर्घायुषी का ठरले, याचं एक कारण या नाण्यात आहे.

आरंभीचे बरेच डबे लाकडी होते, बाहेरून तांब्याचा पत्रा मढवलेले. सोबत जॉर्ज गिब्ज या अभियंत्याच्या आग्रहाने तयार झालेले संपूर्ण पोलादी डबेही होते. भुयारात लाकूड नको, असं त्याचं म्हणणं. या मार्गामागचा धनिक ऑगस्ट बेलमाँट याने तर स्वतःसाठी ‘मिनिओला’ नावाचा खासगी डबा बांधून घेतला होता, रंगीत काचांचा. तो आज कनेक्टिकटमधल्या ईस्ट हेवनच्या ट्रॉली-संग्रहालयात आहे. शेठजींचा डबा तेवढा जपला गेला, असं मनात येतं खरं. पण सामान्यांचेही जपले गेले. त्याकडे येतोच.

लाकडाचा धोका काय असतो ते १ नोव्हेंबर १९१८ च्या संध्याकाळी ब्रुकलिनला कळलं. ब्राइटन बीच मार्गावर चालकांचा संप होता. कंपनीने थोडंसं शिकवून एका दुसऱ्याच कर्मचाऱ्याला गाडीवर बसवलं. मालबोन रस्त्याजवळ बोगद्यात शिरताना एक अवघड वळण होतं, ताशी सहा मैलांच्या वेगाचं. गाडी त्याच्या कितीतरी पट वेगाने आली. पाच लाकडी डबे, कामावरून घरी निघालेली माणसं! निदान ९३ जण गेले. बोगद्याच्या भिंतीवर लाकूड काडेपेटीसारखं चुरडलं गेलं होतं. कंपनी वर्षाअखेर दिवाळखोरीत निघाली आणि त्या रस्त्याचं नावसुद्धा लोकांना नकोसं होऊन बदलावं लागलं. भुयारांतून लाकडी डबे त्यानंतर हद्दपार झाले. तरी उन्नत मार्गावर, म्हणजे रस्त्याच्या डोक्यावरून जाणाऱ्या पुलांवर, लाकडी डबे थेट १९६९ पर्यंत धावत होते. मर्टल अॅव्हेन्यूच्या मार्गावर. पैसा नसला की धडा शिकूनही तो अमलात आणायला अर्धं शतक लागतं.

शहराने स्वतः बांधलेल्या मार्गावरचे ‘आर-१’ जातीचे डबे १९३२ च्या १० सप्टेंबरला धावू लागले. वेताच्या विणीची आसनं, छताला पंखे, उघडे दिवे. त्यांचं कुळ १९७७ पर्यंत प्रवासी वाहत होतं. यांतलेच काही आज दर डिसेंबरात नाताळाच्या मोसमात बाहेर निघतात. नेहमीच्याच तिकिटात बसा! लोक जुने पोशाख घालून येतात. एरवी हे डबे ब्रुकलिनच्या कोर्ट स्ट्रीट स्थानकात उभे असतात. हे स्थानक १९३६ साली उघडलं आणि प्रवासी नाहीत म्हणून १९४६ मध्ये बंद झालं. ४ जुलै १९७६ रोजी, अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त, तिथे काही आठवड्यांपुरतं प्रदर्शन भरलं. प्रवेशमूल्य होतं भुयारी रेल्वेचं एक टोकन. गर्दी इतकी झाली की प्रदर्शन उठलंच नाही. त्याचं संग्रहालय झालं. तिथल्या रुळांशेजारचा विजेचा तिसरा रूळ आजही जिवंत आहे, म्हणून ते डबे बाहेर पडू शकतात.

पण मला जास्त ओढ वाटते ती दुसऱ्या जातीच्या डब्यांची, निवृत्तीनंतर कामाला जुंपलेल्या. न्यूयॉर्कची रेल्वे रात्रंदिवस चालते. करोनाच्या काळात, मे २०२० ते मे २०२१ या एका वर्षात काय ती रात्रीचे काही तास प्रवाशांना बंद होती. त्यामुळे रूळ बदलणं, कचरा उचलणं, बोगद्यातलं पाणी उपसणं, सारं प्रवासी गाड्यांच्या मधूनमधून करावं लागतं. स्थानकांवरचा कचरा नेणाऱ्या गाडीला एके काळी पिवळ्या रंगाचे जुने प्रवासी डबे ओढत. तिकिटांची रोकड गोळा करणारी पैशांची गाडीही जुन्या डब्यांचीच होती. ती २००६ साली थांबली.

इथे एक गंमत आहे. १९०४ च्या मूळ मार्गाचे बोगदे अरुंद, डबे जेमतेम पावणेनऊ फूट रुंद. नंतरच्या मार्गांवरचे दहा फुटी. रुंद डबा अरुंद बोगद्यात शिरत नाही, अरुंद मात्र सगळीकडे जातो. म्हणून कामाच्या गाड्या अरुंद मापाच्याच. अंग चोरून राहणाऱ्याच्याच वाट्याला घरभराचं काम यावं, तसं झालं हे.

लाल रंगामुळे ‘रेडबर्ड’ म्हणून ओळखले गेलेले डबे याच अरुंद घराण्यातले. त्यांची शेवटची प्रवासी फेरी ३ नोव्हेंबर २००३ ची. काही कामाला लागले. बहुतेकांना मात्र चाकं-काचा काढून, आतून धुऊन, तराफ्यावर चढवून अटलांटिक समुद्रात सोडलं. माशांना घर व्हावं म्हणून. २००१ ते २०१० या काळात अशा अडीच हजारांच्या आसपास डब्यांना जलसमाधी मिळाली. त्यांच्यात थोडं अॅस्बेस्टॉस होतं म्हणून न्यू जर्सीने आधी नकार दिला होता, डेलावेअरने मात्र आनंदाने घेतले. साध्या पोलादाचे रेडबर्ड तळाशी टिकले. पुढे स्टेनलेस स्टीलचे डबे टाकले, तर त्यांचा पातळ पत्रा काही महिन्यांत मोडून पडला आणि ती योजना आटोपली.

जमिनीवर मात्र उलटं घडलं. १९६४ सालचे स्टेनलेस स्टीलचे ‘आर-३२’ डबे रूळ सोडायलाच तयार नव्हते. त्यांच्यानंतरचे ‘आर-४४’ गंजून २०१० मध्ये आधी गेले. २०२० मध्ये ‘आर-३२’ निवृत्त झाले. तर जूनमध्ये एका नव्याकोऱ्या गाडीचे डबे धावता धावता सुटले आणि जुलैत या म्हाताऱ्यांना पुन्हा बोलावणं आलं. ते आले, मुकाट्याने. शेवटची फेरी ९ जानेवारी २०२२ रोजी झाली, तेव्हा त्यांच्या सेवेला सत्तावन्न वर्षं उलटून गेली होती.