शिशाचा चष्मा

शिशाचा चष्मा हे क्ष-किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचे रक्षण करणारे साधन आहे. त्याच्या काचेत शिशाचे संयुग मिसळलेले असते. त्यामुळे ती पारदर्शक राहूनही क्ष-किरण शोषून घेते. काचेची क्षमता तितकेच किरण अडवणाऱ्या शिशाच्या पत्र्याच्या जाडीने सांगतात. प्रचलित चष्म्यांत ही जाडी ०.५ किंवा ०.७५ मिलिमीटर असते. वेल्डिंगचा काळा चष्मा प्रखर प्रकाश व अतिनील किरण अडवतो. क्ष-किरणांपुढे तो निरुपयोगी आहे.

गरज

डोळ्याच्या नैसर्गिक भिंगाला रक्तपुरवठा नसतो आणि बिघडलेल्या पेशी त्यातून बाहेर टाकल्या जात नाहीत. प्रारणाने झालेली हानी साचत जाऊन बहुधा भिंगाच्या मागील बाजूस, अनेकदा कित्येक वर्षांनी, मोतीबिंदू दिसू लागतो. २०११ साली आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने कर्मचाऱ्यांच्या भिंगासाठीची शिफारस केलेली मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्टवर आणली; कोणत्याही एका वर्षी ती ५० च्या पुढे जाऊ नये, अशी अटही घातली.

वापर

अँजिओप्लास्टीसारख्या उपचारांत क्ष-किरण यंत्र चालू असताना डॉक्टर व परिचारिका रुग्णाशेजारीच उभ्या असतात. रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले किरण त्यांच्यापर्यंत पोहोचतात. डॉक्टरांची नजर पडद्याकडे असल्याने हे किरण बाजूने व खालून, गाल आणि चष्मा यांमधील फटीतून शिरतात. म्हणून नुसत्या काचेच्या जाडीपेक्षा चष्मा चेहऱ्याला नीट बसणे व त्याला बाजूचे कवच असणे अधिक महत्त्वाचे ठरते. छताला टांगलेला शिशाच्या काचेचा पडदाही सोबत वापरतात. चष्मा जड असल्याने तो काढून ठेवण्याकडे कल असतो. छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावलेल्या मात्रामापक बिल्ल्यावरून डोळ्याला मिळालेली मात्रा कळत नाही.

मर्यादा

गॅमा किरणांपासून हा चष्मा पुरेसे संरक्षण देत नाही. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतच्याच निफाड तालुक्यात, लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तेथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरले जातात. २००७ साली अमेरिकेला गेलेल्या आंब्यांवरही तेथेच प्रक्रिया झाली. या किरणांची ऊर्जा १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. त्यांची तीव्रता निम्मी करण्यासच सुमारे १२ मिलिमीटर जाडीचे शिसे लागते. त्यामुळे अशा केंद्रांत कामगारांचे संरक्षण जाड काँक्रीटच्या भिंतींवर आणि स्रोत उघडा असताना विकिरण कक्षात कोणालाही जाऊ न देणाऱ्या कुलूपव्यवस्थेवर अवलंबून असते.