राजवाडा पाहायचा तर आधी तलाव पाहा

सिंदखेडराजाला येणारा माणूस रस्त्यावरच्या महाद्वारातून सरळ आत शिरतो, जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकवतो, फोटो काढतो आणि जालन्याच्या नाहीतर मेहकरच्या गाडीत बसतो. 12 जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, तर गावात पाय ठेवायला जागा नसते. त्यात गैर काहीच नाही. लखुजीराव जाधवांच्या या वाड्यात 1598 साली जिजाऊ जन्मल्या. त्यांच्यासाठी माणूस चारशे कोसांवरूनही येईल. पण माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. घरी पाहुणा आला की मी त्याला आधी मोती तलावावर नेतो, वाडा मागाहून दाखवतो.

कारण वाडा उभा राहिला तो या पाण्यावर. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि खालचा काळा पाषाण पाणी फारसं धरून ठेवत नाही. घोडदळ, हत्ती, कारकून, कुणबी, बारा बलुतेदार यांना उन्हाळ्यात पाजायचं काय, हा देशमुखाचा पहिला प्रश्न. जाधवांनी त्याचं उत्तर दगडात बांधून ठेवलं. मोती तलावाची भिंत लांबून पाहिली तर किल्ल्याची तटबंदीच वाटते. पलीकडे चांदणी तलाव आहे, त्याच्या मधोमध इमारत आहे. पुतळा बारवेच्या भिंतींवर मूर्ती कोरल्यात. पाण्याच्या कामावर इतका खर्च करणाऱ्याला आपली सत्ता कशावर टिकून आहे ते नेमकं कळलेलं असतं.

तलाव पाहिला की मग वाडा. महाद्वाराशी जरा थांबावं आणि वर न बघता भिंतीला नाक लावून बघावं. खाली घडीव दगड, वर विटा. दोन दगडांमधल्या दरजेत जुना चुना असेल तिथे नखाने ओरखडा उठत नाही, आणि त्यात बारीक लाल कण दिसतात. ती सुरखी, म्हणजे कुटलेल्या विटेची पूड. चुना घाण्यात मळायचा, भिजत ठेवायचा, मग वापरायचा. सिमेंटने हेच काम दोन दिवसांत होतं, पण जुन्या भिंतीत ते मुरलेली ओल आत कोंडून ठेवतं आणि शेजारचा दगड-वीटच खायला लागतं. म्हणून जुन्या वास्तूची दुरुस्ती चुन्यातच करायची असते.

दुरुस्ती करताना कधी कधी जमिनीखालचाही इतिहास हाती लागतो. 2024 साली लखुजीरावांच्या समाधीच्या संवर्धनाचं काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला ओळीत मांडलेले दगड दिसले. खणत गेले तर देवळाचा सभामंडप, आणि सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती. तळाशी लांबी 1.7 मीटर, पाय चेपणारी लक्ष्मी, खाली समुद्रमंथनाचा पट. दगड आपला काळा बेसाल्ट नव्हे, मऊसर क्लोराइट शिस्ट. बारीक नक्षी धरणारा. जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवत. जाधवांच्या राजधानीच्या पोटात त्यांच्याही आधीचं एक गाव निजलेलं होतं, एवढं तरी यातून नक्की झालं.

पुढची कथा उतरणीची. 25 जुलै 1629 रोजी दौलताबादला निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे आणि नातू दगाफटक्याने मारले गेले. लगेच 1630 चा भीषण दुष्काळ आला. जाधवांची जहागीर राहिली, पण पुढे ती निजाम आणि पेशवे अशा दोन फौजांच्या मधोमध सापडली. 1757 मध्ये निजामाच्या पदरी असलेल्या रामचंद्र जाधवरावांना पेशव्यांच्या फौजेने इथेच कोंडलं. तह झाला तो शेजारच्या साखरखेर्ड्याला. फौज येते तेव्हा उभं पीक आधी जातं, बैल मागाहून, आणि बैलांमागे कुणबी. मग तलावाची डागडुजी करायला उरतं कोण?

1803 मध्ये असई, अडगाव आणि गाविलगड जिंकून परतणारा ब्रिटिश जनरल आर्थर वेलस्ली 1804 च्या सुरुवातीला या भागातून गेला. त्याने सिंदखेडला चोरांचा अड्डा म्हटलं आणि लोक शेकड्यांनी उपाशी मरतायत, मदतीला कुठलंही सरकार नाही, अशा आशयाचं लिहिलं. त्या उपासमारीत त्याच्याही लढाईचा वाटा होता, हे मात्र आपण लक्षात ठेवायचं. वेलस्ली आयर्लंडचा. त्याच्या घराण्याचा मीथ परगण्यातला डँगन कॅसल आज नुसते पडके अवशेष होऊन उभा आहे. तिकडे इतर कितीतरी किल्ले दुरुस्त करून लोकांना खुले केले आहेत. कोणतं घर सावरायचं आणि कोणतं पडू द्यायचं हे शेवटी मागे राहिलेले लोक ठरवतात.

आपण सिंदखेडचा वाडा सावरायचं ठरवलं, हे चांगलंच झालं. मात्र माझं म्हणणं एवढंच, की भिंतीला चुना लावून राजवाडा पुरता होत नाही. जिजाऊंचं बालपण पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या घरात गेलं. पुढे उजाड झालेल्या पुण्यात त्यांनी पुन्हा नांगर चालवला, वस्ती बसवली. माहेरची ती शिकवण मला कुठल्याही तलवारीइतकी मोलाची वाटते. तलावाचा गाळ काढणं, पाळूवरची झाडं उपटणं, सांडवा मोकळा ठेवणं ही दरवर्षीची, कंटाळवाणी, उद्घाटनाचा नारळ न फुटणारी कामं आहेत. पर्यटनाच्या आराखड्यात दिवाबत्ती आणि वाहनतळ यांच्या आधी त्यांच्यासाठी तरतूद धरावी. बारमाही पाणी असलेल्या गावात वाडा राखायला माणसं आपोआप राहतात.