वळवाच्या पावसावर पेरणी

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. म्हणजे तिकडे सकाळचे आठ. आवाजात आनंद होता आणि थोडी भीतीही. "पैसे जमा झाले गं. आता बोल, काय करायचं?"

हायवेसाठी आमची ओढ्याकाठची जमीन गेली, त्याचा मोबदला. हप्त्याहप्त्याने येणारा पैसा आम्हाला ठाऊक आहे. अप्पांचा पगार तसाच यायचा, उसाचं बिलही तसंच येतं. पण एवढी रक्कम एकदम, आणि पुन्हा कधीच न येणारी... तिचं काय करायचं असतं हे आमच्या घरात कुणालाच शिकवलेलं नाही.

फोन ठेवल्यावर झोप येईना. मग नेहमीप्रमाणे जुना इतिहास उघडून बसले. (घरच्यांना माझी ही खोड माहीत आहे. प्रश्न आजचा असला तरी मी दीडदोनशे वर्षं मागे जाऊन बसते.) मी राहते त्या पेनसिल्व्हेनियाला आणि शेजारच्या राज्यांना हाच प्रश्न 1836 साली पडला होता.

झालं असं, की 1835 च्या जानेवारीत अमेरिकेच्या केंद्र सरकारचं सगळं कर्ज फिटलं. अँड्र्यू जॅक्सन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. पश्चिमेकडच्या सरकारी जमिनी धडाधड विकल्या जात होत्या. एकट्या 1836 मध्ये जमीनविक्रीतून सुमारे अडीच कोटी डॉलर आले. आयातीवरची जकात होतीच. तिजोरीत पैसा मावेना! मग जून 1836 मध्ये कायदा झाला. पन्नास लाख डॉलर केंद्राकडे ठेवायचे आणि बाकीची शिल्लक राज्यांना त्यांच्या संसदेतल्या जागांच्या प्रमाणात द्यायची. एकूण सुमारे 3 कोटी 70 लाख डॉलर, 1837 सालात चार तिमाही हप्त्यांनी.

गंमत म्हणजे कागदावर ही देणगी नव्हती, 'ठेव' होती. केंद्राने राज्यांना पैसे वाटणं घटनेत बसतं का, असा वाद होता, म्हणून तो शब्द. केंद्र कधीही परत मागू शकेल असं लिहिलेलं होतं. पण ही ठेव कुणी परत मागणार नाही हे देणारे आणि घेणारे दोघेही जाणून होते, आणि झालंही तसंच.

आता प्रत्येक राज्याने काय केलं ते बघा. मला तर हे एकाच घरातल्या भावंडांचे स्वभाव वाटतात.

मेनने पैसे गावांकडे दिले आणि पुढे माणशी वाटायला परवानगी दिली. डोईला साधारण दोन डॉलर आले. हसू नका, तेव्हा ती मजुराची दोन-तीन दिवसांची कमाई होती. ज्या घरात सात-आठ तोंडं होती तिथे त्या हिवाळ्यात चूल जरा बरी पेटली असेल. मॅसॅच्युसेट्सनेही पैसे गावांकडे सोपवले. न्यू इंग्लंडमधल्या काही गावांनी त्यातून सभागृहं बांधली, काहींनी देणी फेडली.

नॉर्थ कॅरोलिनाला 14 लाखांच्या वर मिळाले. त्यातले एक लाख राज्याच्या चालू खर्चाला गेले. बाकीचा बराचसा पैसा शाळांसाठी आधीच काढलेल्या निधीत गेला. तो निधी बँकांच्या आणि रेल्वेच्या शेअर्समध्ये गुंतवला, दलदली उपसायलाही वापरला. त्या जोरावर 1839 मध्ये सार्वजनिक शाळांचा कायदा झाला आणि 1840 च्या जानेवारीत पहिली शाळा उघडली. शाळा होत्या फक्त गोऱ्या मुलांसाठी, हेही लिहिलंच पाहिजे. पैसा शहाणपणाने खर्च झाला म्हणजे न्यायाने झालाच असं नाही.

न्यूयॉर्कला सगळ्यात जास्त, 40 लाखांच्या वर मिळाले. त्यांनी मुद्दलाला हात न लावायचं ठरवलं. ते जिल्ह्याजिल्ह्यांत वाटलं, तिथे नेमलेल्या माणसांनी ते शेतं-घरं तारण घेऊन व्याजाने लावलं, आणि व्याज शिक्षणाला. 1838 च्या कायद्याने त्यातून वर्षाला 55 हजार डॉलर शाळांच्या ग्रंथालयांना मिळू लागले. खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेत पुस्तकांचं कपाट आलं, आणि दरवर्षी त्यात भर पडू लागली.

आणि आमचं पेनसिल्व्हेनिया? आम्ही आधीच एक पराक्रम करून बसलो होतो. फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग कालवे आणि रेल्वे बांधण्यासाठी राज्याने प्रचंड कर्ज काढलं होतं. ते झेपावं म्हणून 1831 मध्ये मालमत्तेवर कर बसवला. लोकांना अर्थातच तो आवडला नाही. 1836 च्या फेब्रुवारीत एका मोठ्या बँकेला राज्याची सनद दिली आणि त्या बदल्यात बँकेकडून घसघशीत रक्कम घेतली. त्याच कायद्यात कर रद्द केला, आणि त्याच कायद्यात आणखी कालव्यांना पैसे मंजूर केले! वर केंद्राचे 28 लाख आलेच. एकदाच आलेल्या पैशाच्या भरवशावर कायमचं उत्पन्न सोडून दिलं आणि कायमचा खर्च वाढवला.

मे 1837 मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं आणि मोठी मंदी सुरू झाली. केंद्राचे तीन हप्ते कसेबसे गेले, सुमारे 2 कोटी 80 लाख. चौथा हप्ता संसदेने आधी पुढे ढकलला आणि मग तो कधीच आला नाही. अनेक राज्यांनी तो हिशेबात धरून ठेवला होता. बँक 1841 मध्ये बुडाली. पेनसिल्व्हेनियाने 1840 मध्ये पुन्हा कर बसवला, पण उशीर झाला होता. 1842 मध्ये कर्जाचं व्याज थकलं. त्या वेळी कर्ज होतं सुमारे चार कोटी. सिडनी स्मिथ नावाच्या एका विनोदी इंग्रज पाद्र्याकडे हे रोखे होते. त्याने 1843 मध्ये अमेरिकन संसदेला अर्ज लिहून आमच्या राज्याची जगभर शोभा केली. 1841-43 मध्ये एकूण आठ राज्यं अशी बुडाली. इंडियाना आणि इलिनॉयसुद्धा कालवे-रेल्वेच्या हौसेत. इलिनॉयच्या त्या योजनेला मत देणाऱ्यांत तरुण अब्राहम लिंकनही होते, म्हणजे ही चूक फक्त मूर्खच करतात असं नाही.

इथे मला अप्पा आठवले. पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली तेव्हा आईला फ्रीज हवा होता, दादाला मोटरसायकल. अप्पा म्हणाले, "हा वळीव आहे. वळवाच्या पावसावर पेरणी करत नाहीत." त्यांनी सोसायटीचं कर्ज फेडलं आणि गळक्या स्वयंपाकघरावर स्लॅब टाकला. एका काकांनी त्याच वर्षी थकबाकी भरून ट्रॅक्टर घेतला, उरलेले हप्ते पगारातून. पुढे दुष्काळ आला, भाड्याची कामं मिळेनात, आणि ट्रॅक्टर गेला. (काका, तुम्ही वाचत असाल तर रागावू नका. लिंकनच्या पंक्तीला बसवलंय तुम्हाला!)

पण म्हणून "एकदाच आलेला पैसा साठवा" एवढाच धडा घेणंही बरोबर नाही. 1836 चा पैसा भरभराटीत आला होता आणि मंदी येताच आटला. 2009 मध्ये उलट झालं. मंदी आधी आली होती आणि ती आवरायलाच केंद्राने 78,700 कोटी डॉलरचा कायदा केला. त्यातले 5,360 कोटी मुख्यतः शाळा-कॉलेजं सावरायला राज्यांना दिले. इथल्या राज्यांना तुटीचं अंदाजपत्रक सहसा करता येत नाही. कर आटले की शिक्षकांना घरी पाठवायचं, एवढंच हातात उरतं. अशा वेळी त्या पैशातून पगार देणं चूक नव्हतं, पैसा त्यासाठीच होता. दुष्काळात आलेला टँकर विहिरीत ओतून ठेवत नाहीत, पाणी प्यायचं असतं. चूक तिथे झाली जिथे टँकर चालू असताना विहिरीकडे कुणी बघितलं नाही. 2011 च्या सुमाराला तो पैसा संपला तेव्हा अनेक ठिकाणी कपात झालीच, फक्त दोन वर्षं उशिरा.

2021 मध्ये पुन्हा 35,000 कोटी डॉलर राज्यांना, जिल्ह्यांना आणि गावांना मिळाले. या वेळी अट होती की या पैशाच्या आधारावर कर कमी करायचे नाहीत. ती अट वाचून मला 1836 चं पेनसिल्व्हेनियाच आठवलं. राज्यं कोर्टात गेली, कारण आमचे कर आम्ही ठरवणार, केंद्र कोण? त्यांचंही खोटं नव्हतं. शिवाय 2024 अखेर कामं ठरवा आणि 2026 अखेर पैसे संपवा, अशी मुदत होती. आपल्याकडच्या 'मार्च एंड'चं हे थोरलं भावंडच. मुदतीच्या घाईत खर्च होतो, विचार होत नाही.

माझ्यापुरतं मी असं मांडते. राज्याने आधी बघावं की खड्डा तात्पुरता आहे की कायमचा. तात्पुरता असेल तर खुशाल भरावा. कायमचा असेल तर या पैशाने तो फक्त झाकला जाईल. दुसरं, पुढचा खर्च कमी करणाऱ्या कामाला पहिला मान द्यावा, म्हणजे कर्जफेड, गळके पाण्याचे पाइप, रखडलेल्या दुरुस्त्या. तिसरं, नवं काही बांधताना ते चालवायला दरवर्षी किती लागेल ते आधी लिहावं. आणि न आलेला हप्ता कधीही हिशेबात धरू नये.

हे सगळं दादाला फोनवर सांगायला घेतलं, आणि मध्येच तो म्हणाला, "पण हा वळीव नाही गं. ही जमीनच आहे. फक्त आता बँकेत आहे."

मी गप्प झाले. खरंच की. राज्यांना मिळालेला पैसा वरून पडला होता. आमचा पैसा आमच्याच पायाखालून निघाला होता. त्या तुकड्यावर दरवर्षी गहू-हरभरा यायचा, तो आता येणार नाही. हा पैसा खर्चला तर आम्ही जमीन खाल्ली असंच होईल. मग न्यूयॉर्कचं बघा. मुद्दल शाबूत, आणि घर चालेल ते त्याच्या पिकावर.

आमचं ठरलंय ते असं. थोड्या पैशातून सोसायटीचं कर्ज आणि उरलेल्या शेतात ठिबक. बाकी शक्य झालं तर दुसरी जमीन, तोवर मुदत ठेव, आणि व्याज दादाच्या घरखर्चाला, कारण ती जमीन कसत होता तो. माझा वाटा आईच्या नावावर राहील. नव्या गाडीचा विषय भाच्याने दोनदा काढला, दोनदा दादा उठून बाहेर गेला. तिसऱ्यांदा काय होईल माहीत नाही...

अप्पा असते तर काय म्हणाले असते? बहुतेक काहीच नाही. स्वयंपाकघराच्या स्लॅबकडे एकदा वर बघितलं असतं, बस.