तेरला गेलात तर दर्शनानंतर थांबा

तेर म्हटलं की आपल्या तोंडी नाव येतं ते गोरोबाकाकांचं. चैत्रातल्या यात्रेला जायचं, तेरणेकाठी समाधीवर डोकं टेकवायचं, चुरमुरे-बत्तासे घ्यायचे आणि मिळेल ती एसटी धरून दिवस मावळायच्या आत घरी यायचं. बहुतेक बायकांचं तेर एवढंच असतं.

यंदा आमच्या चार गटांतल्या बावीस जणी ठरवून पूर्ण दिवसासाठी तेरला गेलो. ठरवायच्या बैठकीत एकीनं विचारलंच, "एका दिवसाचा रोज बुडवून फुटकी खापरं बघायची व्हय?" प्रश्न रास्त होता. एसटीचं तिकीट आपल्याला अर्ध्यात पडतं, पण बुडालेला रोज कोण भरून देणार? म्हणून तिथं काय पाहिलं ते आज नीट सांगतो. रोज बुडवण्याजोगं आहे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तेरचं जुनं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रमार्गानं चालणाऱ्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. तो लिहितो की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. पैठणहून रंगीत खडे जात आणि तगरहून जाई कापड. साधं जाडंभरडं कापड भरपूर, शिवाय तलम मलमलही. रस्ता नसलेल्या मुलखातून हा माल गाड्यांवर लादून भडोचला नेत आणि तिथून तो जहाजात चढे. म्हणजे महिनाभर गाडीवाट, मग समुद्र.

हे तगर नेमकं कुठलं, यावर पुढं अभ्यासकांत बराच वाद झाला. कुणी जुन्नर म्हणे, कुणी दौलताबाद. १९०१ मध्ये फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं तगर म्हणजे आपलं तेर, असं मांडलं आणि ते टिकलं. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे तर आपल्या बिरुदात 'तगर नगरीचे स्वामी' असं लिहून घेत, राज्य दुसरीकडं असलं तरी. सासरी नांदायला जाऊन पन्नास वर्षं झाली तरी बाई माहेरचं गाव सांगते, तसंच की हे!

आता त्या कापडाचं बघा. मलमल विणायची तर सूत किती बारीक लागत असेल! ते कातलं कुणी? तगरमधल्या कातणाऱ्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. पण त्या जुन्या काळी सूत कोण काततं, हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्पष्ट आहे. सुतावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यावर त्यात एक अख्खा अध्यायच आहे. विधवा, अपंग बायका, लग्न न झालेल्या मुली, म्हाताऱ्या झालेल्या दासी यांच्याकडून सूत कातून घ्यावं, असं तिथं सांगितलंय. मजुरी सुताच्या बारीकपणावर. ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत त्यांना काम घरपोच द्यावं. ज्या स्वतः येतात त्यांनी पहाटे यावं, सूत द्यावं, मजुरी घ्यावी. दिवा फक्त सूत तपासण्यापुरता. अधिकाऱ्यानं बाईच्या तोंडाकडं पाहिलं किंवा कामाशिवाय दुसरं काही बोलला तर त्याला दंड, आणि मजुरी द्यायला उशीर केला तर त्याहून मोठा दंड. हे सांगितल्यावर आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. पण मजुरी घेऊन काम न करणाऱ्या बाईचा अंगठा आणि बोट तोडावं, हेही त्याच अध्यायात आहे. ते ऐकल्यावर कुणी हसलं नाही.

कापड दोन हजार वर्षं टिकत नाही. टिकतं ते मातीचं, शंखाचं, दगडाचं. ते पाहायचं तर तेरमधल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जावं लागतं. लामतुरे हे तेरचेच. गावाच्या पांढरीत आणि आसपासच्या रानात वर येणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. आज तो ठेवा सरकारी संग्रहालयात आहे. मणी किती तऱ्हेचे! शंखाच्या बांगड्या बघा. आपल्याकडं समुद्र कुठं आहे? तरी शंख इथवर आले. किनाऱ्याकडचा माल तगरला येत असे, असं तो ग्रीक व्यापारीही लिहून गेलाय. पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ती आहेत. दोन साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगळी काढून मग जोडलेल्या. गोरोबाकाकांच्या हजारभर वर्षं आधीही याच गावात मातीकाम करणारे हात होते. त्या मूर्तींचे अंबाडे आणि दागिने आम्ही फार वेळ बघत बसलो.

तेरला सापडलेली एक हस्तिदंती बाईची छोटी मूर्ती अभ्यासकांत फार नावाजलेली आहे. अशाच घडणीची एक भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहरात मिळाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे आपल्याकडच्या कारागिरांच्या हातचं काम त्याच्या आधीच तिकडं पोचलं होतं.

मग त्रिविक्रमाचं देऊळ. विटांचं आहे आणि मागची बाजू गोल. छप्पर पालथ्या नावेसारखं. ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक सांगतात. पुढं तिथं विष्णू आला. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच. नळदुर्गचा पाणीमहाल, धाराशिवची लेणी, परंड्याचा किल्ला हे सगळं पाहण्यासारखं आहेच, त्यावर पुन्हा कधी बोलू. पण तिथं राजाची, सरदाराची, साधूची गोष्ट आधी भेटते. तेरच्या कपाटांत आपल्या हातांतलं, गळ्यातलं, चुलीजवळचं सामान आहे.

परतताना आमच्यातली एक जण हळूच बोलली. तिचं सासर त्याच बाजूला. रानात नांगरताना निघालेले मणी तिच्या सासूबाईंनी एका डब्यात साठवलेत. एक फिरता माणूस येतो आणि मूठभर मण्यांचे शंभर-दोनशे देऊन जातो. "विकले तर काय होतं?" तिनं विचारलं.

कायद्याचं सांगतो. १८७८चा निखात निधी कायदा आजही चालू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. कळवलं तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायद्यात धरलेला आहे. जुन्या वस्तूंच्या विक्रीवर १९७२च्या कायद्याचंही बंधन आहे. यातलं काहीही त्या फिरत्या माणसानं आपल्याला सांगितलेलं नाही. आणि मणी कुठल्या रानात, किती खोलीवर, कशासोबत निघाला हे एकदा पुसलं की त्या मण्यावरून तगरचं काहीच कळत नाही.

गाडीत यावर बरंच बोलणं झालं. एक म्हणाली, शंभर रुपयांत तेलाचा पुडा येतो, तुम्ही इतिहास काय सांगता? तिचंही खरंच. शेवटी असं ठरलं, की डबा तूर्त तसाच ठेवायचा. कुठल्या रानात सापडले ते सासूबाईंना विचारून कागदावर लिहायचं आणि अर्ज गटानं मिळून करायचा. म्हणजे एकट्या बाईला कचेरीत उभं राहावं लागणार नाही. सासूबाई आधी राजी नव्हत्या. परवा निरोप आला, की अर्ज द्यायला त्या स्वतः येणार आहेत आणि जमलं तर त्याआधी ते संग्रहालय त्यांना बघायचंय.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, आणि मणी ठेवलेल्या कपाटासमोर जरा जास्त वेळ उभ्या राहा.